वही नानांची, बोट काकूंचं

मी लोकांच्या घरी जाऊन त्यांना यंत्रं वापरायला शिकवतो. रक्तदाबाची, साखरेची, वाफ घ्यायची. नव्वद सालाच्या जरा आधी हे काम धरलं आणि पन्नाशी उलटली तरी तेच करतोय. या अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी आधी गमतीच लिहायला बसलो. त्या भरपूर आहेत. चार पानं झाल्यावर लक्षात आलं, की ज्या घराबद्दल लिहायला हवं ते सोडून मी बाकी सगळ्या घरांत हिंडून आलोय. त्या घरात मी एक वाक्य चुकीचं बोललो होतो आणि त्या वाक्यानं एक चांगला चालता-बोलता माणूस आयुष्यातून उठवला. अजून कधी ते आठवलं की चालता चालता थांबतो.

आधी काम काय ते सांगतो. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात गोपसेठचं सर्जिकल मालाचं दुकान होतं. व्हीलचेअर, पाण्याच्या गाद्या, बेडपॅन, कुबड्या. मग घरी वापरायची छोटी यंत्रं यायला लागली. तोपर्यंत साखर बघायची म्हणजे लॅबमध्ये जायचं आणि रक्तदाब बघायचा म्हणजे डॉक्टरकडे. आता दंडाला पट्टा गुंडाळून बटण दाबलं की आकडा. साखरेच्या यंत्राला कागदासारखी पट्टी लागायची. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा, मिनिटभर थांबून कापसानं पुसायचा आणि पट्टी यंत्रात सारायची. सोबत इंग्रजी पुस्तिका यायची, ती कोणी वाचायचं नाही. म्हणून गोपसेठनं मला ठेवलं. मी राहायचो अंबरनाथला बुवापाड्यात. मोपेडवर पिशवी लावून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असा फिरायचो.

एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कळली. यंत्र म्हातारी माणसं कधीच विकत घेत नाहीत. घेतात मुलं. आणि ज्याच्यासाठी घेतात तो त्या यंत्राकडे असा बघतो, की मुलानं घरात एक माणूस आपल्यावर लक्ष ठेवायला बसवलाय.

सगळेच तसे नव्हते म्हणा. चार नंबर कॅम्पातल्या एका सिंधी अम्मांनी मला तीनदा बोलावलं. त्यांचं सुनेशी भांडण झालं की त्या लगेच रक्तदाब मोजायच्या आणि आकडा कागदावर लिहून उशीखाली ठेवायच्या, मुलगा दुकानातून आला की दाखवायला. तिसऱ्या वेळी मला मुलासारखं जवळ बसवून हळूच विचारलं, "पुट, इसमें टाइम छपता है क्या?"

मी म्हटलं, "नहीं अम्मा, सिर्फ नंबर आता है."

"टाइम होना चाहिए. बहू बोलती है, झगड़े के पहले से था."

बारवी धरणाच्या वाटेवर एका पाड्यात एक आजोबा होते. मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात कामाला, त्यानं यंत्र आणून दिलं. महिन्यानं बघायला गेलो तर पट्ट्याची शिवण उसवलेली. आजोबा तो दिवसातून दहादा बांधून घेत होते, दंडाला, पोटरीला, गुडघ्यालाही.

"जरा करकचून बांध," मला म्हणाले. "काल बांदला नं, खांदा मोकला झाला माजा."

"आजोबा, हे औषध नाही. नुसतं माप आहे."

"मापाचा मी काय करू? बरा वाटतो त्याचा सांग."

आता एक आमच्या कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिथून सुरू झालं. यंत्र पोचवलं की दुकानाचं कार्ड भरायचं असायचं: पेशंटचं नाव, पट्टीच्या डबीचा नंबर आणि पहिला आकडा. पहिला आकडा लिहिल्याशिवाय गोपसेठ माल पोचला असं धरत नसे. पुष्कळदा पेशंट झोपलेला असायचा, रुसलेला असायचा, देवळात गेलेला असायचा. मग समोर जो असेल त्याचं बोट घ्यायचं, यंत्र चालतं हे दाखवायचं आणि तोच आकडा पेशंटच्या नावापुढे लिहून निघायचं. मी करायचो. माझ्याबरोबरचे दोघंही करायचे. यात काही वाईट आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

बदलापूर पूर्वेला शिरगावात सबनीसांचं बैठं घर होतं. नाना सबनीस अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. तयार झालेला भाग मापात बसतो का बघायचं, नाही बसला तर त्यावर लाल ठिपका मारायचा, हे त्यांनी तीस वर्षं केलं. साखर होती, पण थोडी. सकाळी अर्धी गोळी घ्यायचे. मुलगा श्रीकांत मस्कतला. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं दुकानात येऊन यंत्र घेतलं आणि मला घरी पाठवलं.

नाना झोपाळ्यावर बसले होते. मी पेटी उघडली तशी त्यांनी चष्मा कपाळावर घेतला.

"मिस्टर, तुमचं वय काय?"

"सत्तावीस."

"मी तीस वर्षं लोकांचा माल पास-नापास केला. आता मला माझ्याच घरात कोण नापास करणार? तो मस्कतवाला?"

आतून काकू म्हणाल्या, "मस्कतवाला काय? मुलगा आहे तुमचा."

"मुलगा असेल तर त्यानं पत्र लिहावं. हजेरीपट कसला मागतो?" असं म्हणून नाना पायांत चपला सरकवून अळूला पाणी घालायला मागच्या अंगणात निघून गेले.

काकू हात पुसत बाहेर आल्या. उंच, काटक बाई. मला त्यांनी पोहे दिले, स्वतःही बशी घेऊन बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "दिलीप ना तू? हे बघ, हे काही बोट देणार नाहीत. आणि तो दर रविवारी फोनवर आकडे विचारणार. नाही कळवले तर नोकरी सोडून येईन म्हणतो. येईलही. हट्टात बापावर गेलाय. अजून कर्ज फिटायचंय त्याचं."

मला पुढे अंबरनाथला दोन घरं होती. म्हटलं, "तुम्ही शिकून घ्या तर खरं. नानांचं मग बघू. द्या बोट."

त्यांनी न कचरता बोट पुढे केलं. आकडा आला एकशे शहाऐंशी.

"ही जास्त की कमी?"

"पोहे खाल्लेत ना आत्ता? चालायचंच."

त्या आकड्याचा अर्थ काय, हे माझ्या मनातही आलं नाही. यंत्र चाललं, एवढंच बघितलं. कार्डावर लिहिला: नाना सबनीस, एकशे शहाऐंशी. श्रीकांतनं एक नवी वही देऊन ठेवली होती, तिच्या पहिल्या ओळीतही मीच लिहिला. काकू बघत होत्या.

"हे यांच्या नावावर लिहिलंस?"

"पहिल्या दिवशी चालतं."

काकूंनी बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तसं आमचं दोघांचं एकाच चुलीवरचं. यांना साखर झाल्यापासून मीही बिनसाखरेचाच चहा घेते. गेली चाळीस वर्षं यांच्या ताटात तेच माझ्या ताटात. सारखीच असेल ना रे साखर?"

मी पेटी बंद करत होतो. म्हणालो, "हो काकू. साधारण सारखीच असते."

हेच ते वाक्य.

पुढे मी दीड-दोन महिन्यांनी पट्ट्या घेऊन जायचो. वही छान भरलेली असायची, सुवाच्य अक्षरात, तारखेसकट. एकशे नव्वद, दोनशे पाच, दोनशे अठरा. सगळे सकाळी उठल्या उठल्याचे, उपाशीपोटीचे. उपाशीपोटी सव्वाशेच्या आत असावी हे मला माहीत होतं, रोज चार घरांत सांगायचो. नाना डॉक्टरकडे जायचे नाहीत. काकू वही घेऊन जायच्या. डॉक्टरांनी एकदा लॅबमध्ये तपासून घ्या म्हणून सांगितलं, तर नाना म्हणाले, "घरात यंत्र आणून ठेवलंय ते काय शोभेला?" आणि आता हे लिहिताना हसू येत नाही, पण तेव्हा मी हसलो होतो. यंत्राच्या बाजूनं बोलले म्हणून मला बरंही वाटलं.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला काकू पैसे द्यायला हात पुढे करत होत्या, तेव्हा त्यांची बोटं दिसली. डाव्या हाताच्या मधल्या तीन बोटांच्या टोकांना काळे ठिपके, टोचून टोचून झालेले. मी वर बघितलं. त्या लाजल्यासारखं हसल्या.

"हे देतच नाहीत रे. मग मीच देते. तूच म्हणालास ना, सारखीच असते."

त्या क्षणी मला कळायला हवं होतं असं म्हणणं खोटं ठरेल. मला कळलं होतं. अगदी स्पष्ट नाही, एवढंच. आणि वर काकू म्हणाल्या, "डॉक्टरांनी गोळी वाढवली. आता दोन घेतात. श्रीकांत म्हणतो, यंत्र घेतलं म्हणून कळलं तरी."

हेही मी ऐकलं. दोन गोळ्या, आणि रक्त दुसऱ्याचं. म्हणालो काय? म्हणालो, "नानांचं पण एकदा घेऊन बघा." एवढ्या सौम्यपणे म्हणालो, की त्यांनी "बघू" म्हणून ते सोडून दिलं. खरं सांगायचं तर, पहिल्या दिवसाचं कार्ड आठवलं. तिथपासून उलगडायला लागलं असतं तर सगळं माझ्यावर आलं असतं. मी मोपेड सुरू केली.

त्यानंतरच्या थंडीत, सकाळी दहाच्या सुमाराला मी पट्ट्या घेऊन गेलो. दार उघडंच होतं. काकू आतून ओरडल्या, "दिलीप, बरा आलास. ये, ये आत."

नाना पलंगावर होते. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, थंडीत. डोळे अर्धे उघडे. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते, शब्द लागत नव्हते. काकू पदरानं त्यांचं कपाळ पुसत होत्या.

"पहाटेपासून असंच चाललंय. आधी चिडले, मग बरळायला लागले. साखर वाढलीय. सकाळी दोनशे साठ आली. डॉक्टरांचा फोन लागत नाही. गेल्या महिन्यापासून तीन गोळ्या सांगितल्यात, सकाळचीही दिलीय मी."

वाचणाऱ्यांना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. साखर वाढली तर माणूस हळूहळू झिजतो. साखर उतरली तर काही तासांत मेंदू उपाशी पडतो. घाम, चिडचिड, बरळणं, मग शुद्ध हरपणं. माझ्या पिशवीतल्या पुस्तिकेत हे चित्रासकट होतं.

मी नानांचं बोट धरलं. मऊ, स्वच्छ बोट, एकही ठिपका नाही. टोचलं. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. इंग्रजीतली दोन अक्षरं आली, 'लो'. मोजण्याइतकीही नाही, असा त्याचा अर्थ.

मला वाटलं यंत्र बिघडलं. खरंच असं वाटलं, आणि वाटून बरंही वाटलं. यंत्र तपासायला जवळचं बोट काकूंचं होतं. त्यांनी सवयीनं पुढे केलं. ते मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही. काकू थेंबाकडे बघत होत्या, नाना पुटपुटत होते, मी घड्याळाकडे बघत होतो. आकडा आला दोनशे एकाहत्तर.

यंत्र अगदी बरोबर होतं.

"काकू, साखर आणा. पटकन."

"अरे, साखर काय? आत्ताच दोनशे एकाहत्तर आली ना यांची?"

"ती यांची नाही. ती तुमची आहे."

मीच स्वयंपाकघरात धावलो. साखर कुठे सापडेना, त्या घरात साखर उरलेलीच नव्हती. शेजारून आणली. पाण्यात कालवून नानांच्या गालाच्या आत, हिरड्यांना चोळत राहिलो. माझी बोटं ते चावत होते. मग शेजाऱ्यांची गाडी, मग दवाखाना, सलाईन. नाना वाचले. पण पहाटेपासूनचे ते तास गेले ते गेलेच. पंधरा दिवसांनी घरी आणलं तेव्हा त्यांना भरवावं लागत होतं, आणि बायकोचं नाव येत नव्हतं.

श्रीकांत तिसऱ्या दिवशी आला, नोकरीचं काय झालं ते न बघता. दवाखान्याच्या बाहेर बाकावर काकू, मी आणि तो. त्यानं वही मांडीवर घेतली होती.

"मला एवढंच सांगा," तो म्हणाला, "यंत्र अडीचशे दाखवत होतं आणि अंगात साखर नव्हती. हे कसं?"

मी म्हणालो, "पट्ट्या दमटल्या असतील. डबीचं झाकण नीट लागलं नसेल तर होतं असं."

काकू माझ्या शेजारी होत्या. त्यांनी मान वर केली नाही. श्रीकांतनं यंत्र उचलून माझ्या पिशवीत टाकलं आणि म्हणाला, "घेऊन जा हे. परत आमच्या घरी दिसू नका."

दुकानात गोपसेठला मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "पट्टी खराब थी, बोल दिया ना? बस, खतम."

त्याच्यापुरतं ते संपलंही. आता हिशेब मांडू नये, पण मांडला जातोच. पट्ट्यांवर ढकलून मी नानांचं झालेलं झाकलं, ते एक. पण त्या बाकावर अजून एक माणूस होतं, जिची साखर दोनशे एकाहत्तर होती. तिचा आजार जगात दोघांनाच माहीत होता, तिला आणि मला. मी खोटं बोललो त्या क्षणी तो आजार पुसला गेला. पट्ट्याच खराब, तर तिच्याही आकड्याला काय अर्थ? हे मला तेव्हा तिथेच कळलं होतं. तरी मी घरी गेलो, जेवलो.

नाना त्यानंतर दोन वर्षं होते. काकू नऊ वर्षं. त्यांच्या पायाचं एक बोट काढावं लागलं आणि शेवटी एका डोळ्यानं दिसेनासं झालं. श्रीकांतला मी गेल्या महिन्यात भेटलो. अजून शिरगावातच राहतो, साठीला आलाय. सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आईच्या बोटांवर काळे ठिपके होते. मी विचारलं होतं तिला. म्हणाली, हल्ली शिवणकाम करते." निघताना म्हणाला, "छापायचं तर छापा. नावं बदला." म्हणून इथली नावं खरी नाहीत.

त्या घरानंतर मी पेशंटच्या बोटाशिवाय पहिला आकडा कधीही लिहिला नाही. पेशंट रुसला तर अंगणात जाऊन बसतो, त्याच्याशी गप्पा मारतो, तासभर लागला तरी. धंद्यातली पोरं हसतात मला. नानांशी अशा गप्पा मारल्या असत्या तर ते बोलले असते. कारखान्यात मापं तपासायचं गेज कसं वापरायचं ते सांगितलं असतं, यंत्राची परीक्षा घ्यायला म्हणून बोटही दिलं असतं. हे मला आता माहीत आहे.

पण सांगायची राहिली ती त्या घरातली शेवटची दुपार. दवाखान्यातल्या त्या प्रसंगाला आठ महिने झाले होते. मी शिरगावात दुसऱ्या कुणाकडे गेलो होतो आणि पाय तिकडे वळले. श्रीकांत तेव्हा ठाण्याला नोकरीला लागला होता, दिवसा घरी नसायचा. काकूंनी दार उघडलं. एवढ्या वाळल्या होत्या, की मी क्षणभर ओळखलं नाही. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला चिंधी बांधलेली.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसलो नाही. म्हणालो, "काकू, त्या दिवशी तुमची साखर दोनशे एकाहत्तर होती. पट्ट्या चांगल्या होत्या."

"माहीत आहे मला. तू बोललासच की तेव्हा."

"मग डॉक्टरकडे?"

"काय सांगून जाऊ? कधी कळलं म्हणून विचारलं तर? कुणाच्या रक्तावर यांना गोळ्या घातल्या ते श्रीकांतला कळलं असतं." त्यांनी आत नानांकडे बघितलं. नाना खुर्चीत होते, कमरेला पंचा बांधून टेकवलेले. "तू पट्ट्यांवर ढकललंस. मला वाटलं, बरं झालं. मलाही बोलायला नको."

आठ महिने मी समजत होतो की मी स्वतःला वाचवलं. ही बाई माझ्या खोट्याच्या आडोशाला बसून झिजत होती.

"आज चला," मी म्हणालो. "आत्ता."

"यांना टाकून कशी येऊ?"

"मी बसतो यांच्यापाशी."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग आत जाऊन लुगडं बदलून आल्या. पिशवी घेतली. "एक वाजता पेज देते मी यांना. पातेल्यात आहे. चमच्यानं द्यायची, अगदी थोडी थोडी. घोट गिळला की मगच दुसरा. घाई केलीस तर ठसका लागतो."

"हो."

"बोलायचं त्यांच्याशी. उत्तर येत नाही, पण बोलायचं."

त्या गेल्या. एक वाजता मी पेज वाटीत घेतली. नानांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता मिस्टर म्हणतील. म्हणाले नाहीत. मी चमचा पुढे केला, त्यांनी तोंड उघडलं. अर्धा तास लागला. मी बोलत होतो. बुवापाड्याबद्दल, माझ्या वडिलांबद्दल, काय काय ते आठवत नाही. माफी मागायची होती, ते तेवढं जमलं नाही. पेज संपली. हनुवटी पुसली आणि रिकामी वाटी तशीच हातात धरून बसून राहिलो.

अडीचला काकू आल्या. हातात डॉक्टरांचा कागद आणि औषधांची पुडी. ती फळीवर ठेवली, माझ्याकडे वळल्या.

"जेवले?"

"हो."

"सगळी संपवली?"

"सगळी."

त्या पुढे आल्या, माझ्या हातातली वाटी घेतली आणि उजेडाकडे धरून आत बघितलं.